गच्चीवरचे रविवार

छत्तीसगढ वेगळं राज्य झालं, आमचं शहर त्याची राजधानी झालं आणि आमच्या घरात कुणी एका जागी बसेनासं झालं. त्याआधी आम्ही ब्राह्मणपाऱ्यात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. तिथे बसायला धड जागा नव्हती, तरी सगळे बसलेले असायचे. आई दारातल्या पायरीवर तिवऱ्याची म्हणजे लाखोळीची भाजी निवडत, बाबा खाटेवर पेपर घेऊन, दादा आणि मी लोखंडी पेटीवर पाय हलवत. समोरच्या घरातून निर्मलामावशी विचारायची, आज काय शिजून राहिलं म्हणून, आणि आई इथूनच तिला उत्तर द्यायची. नव्या कॉलनीतल्या घरात चार खोल्या होत्या, सोफा होता, जेवायचं टेबल होतं, आणि बाबा हातात चहाचा कप घेऊन या खोलीतून त्या खोलीत फिरत असायचे. कप मग कुठल्या तरी खिडकीत अर्धा भरलेला सापडायचा. बाहेर तर सगळं शहरच उकरून ठेवलं होतं. रस्ते रुंद होत होते, जुनी झाडं पडत होती, चौकाचौकात गिट्टीचे ढीग आणि दिवसभर जेसीबीचा खडखडाट. भोपाळहून बदली होऊन आलेली साहेब मंडळी आमच्या आजूबाजूला घरं घेत होती. जो तो घाईत होता. कशाची घाई, ते मला तेव्हा कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही नीट कळलेलं नाही.

बाबा सिलतऱ्याच्या एका स्पंज आयर्नच्या कारखान्यात खरेदी विभागात होते. कारखाना वाढला तसे बाबाही वाढले. आधी स्कूटर आली, मग घर, मग घरावर बाबांच्या नावाची पितळी पाटी. संध्याकाळी ते यायचे तेव्हा त्यांच्या कॉलरवर काळी भुकटी असायची. तीच भुकटी वाऱ्याबरोबर आमच्या गच्चीवरही येऊन बसायची, आणि अनवाणी वर गेलं की तळवे काळे व्हायचे. आई सिंचन खात्यात टायपिस्ट होती. सकाळी दोन वेळचा स्वयंपाक उरकून ती ऑफिसला जायची आणि परत आली की आधी गच्ची धुवायची. मी तिला एकदा म्हटलं होतं, रोज कशाला धुतेस, उद्या परत काळी होणारच आहे. ती म्हणाली, आपलं घर आहे आता.

माझा भाऊ पंकज माझ्याहून एका वर्षाने मोठा. त्याला मी दादा म्हणायचे. नवं घर घेतल्यावर बाबांनी आम्हा दोघांना इंग्रजी शाळेत घातलं. मी कशीबशी रुळले, पण दादाला ते जमेना. तो मुळातच कमी बोलणारा, त्यात वर्गातली पोरं अधिकाऱ्यांची, मोटरसायकलवरून येणारी. दादा मधल्या सुट्टीत सायकल स्टँडच्या मागे एकटा डबा खायचा. हे बाबांना कसं कळलं कोण जाणे. त्या दिवशी जेवताना ते नुसते दादाकडे बघत राहिले, आणि मग ताट अर्धं टाकून उठले.

दादाला सतरावं लागलं त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबांनी त्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवलं, वर्गातल्या चार-पाच पोरांना दुपारी जेवायला बोलाव. रविवारी सकाळी स्कूटरवर समोर एक लाकडी खोका ठेवून ते आले. खोक्यात बियरच्या बाटल्या होत्या, वाळक्या गवतात खुपसलेल्या. आई पोह्यांवर कोथिंबीर चिरत होती. तिने खोक्याकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

बाबांचं बोलणं तयार होतं. पोरं आज ना उद्या पिणारच, ते म्हणाले, ढाब्यामागे पितील, तलावाच्या काठावर पितील, कुठे पडतील कुणाला कळणार नाही. त्यापेक्षा आपल्यासमोर पिऊ देत. घोट-दोन घोट, खाऊन-पिऊन, घरच्यासारखं. "चोरून पिणारा मरते," ते म्हणाले. "माह्या घरात कोणी काही चोरून करणार नाही."

आई यावर बोलली नाही, कारण ते वाक्य कुठून आलं हे तिला माहीत होतं. आम्हाला ते पुष्कळ नंतर कळलं. बाबांना एक धाकटा भाऊ होता, सुधाकर. हिंगणघाटजवळच्या गावात आजोबांच्या घरी दारूचं नाव काढायची सोय नव्हती, म्हणून सुधाकरकाका शेतात बसून मित्रांबरोबर प्यायचा. एकदा बाबांना तो संध्याकाळी बांधावर ओकताना दिसला. बाबा त्याला म्हणाले, आता घरी नको येऊ, मार बसेल, उतरल्यावर ये. त्या दारूत काय होतं देव जाणे. दुसऱ्या दिवशी तो जिनिंगच्या आवारात सरकीच्या ढिगाशी मेलेला सापडला. त्याच्या कपाळाला हात लावून पाहणारा पहिला माणूस म्हणजे बाबा. आईने हे मला सांगितलं तेव्हा बाबा तुरुंगात होते. आधी सांगितलं असतं तर त्या रविवारांकडे मी वेगळ्या नजरेने पाहिलं असतं का? माहीत नाही.

तर असे ते रविवार सुरू झाले. बारा वाजले की फाटकाशी मोटरसायकली लागायच्या आणि जिन्यावर बूट वाजायचे. बाबांचे नियम होते. वर येणाऱ्याने गाडीची चावी त्यांच्या हातात द्यायची. आधी खायचं. प्रत्येकाला दोनच ग्लास. ऊन उतरल्यावर ज्याचं डोकं ठिकाणावर असेल त्याला चावी परत, नसेल त्याला बाबा स्वतः घरी सोडणार. आई खाली कांद्याची भजी तळायची, कधी सावजी रस्सा, कधी शेजारणीकडून शिकलेली बेसनाची ठेठरी. मी ताटं घेऊन जिना चढायचे आणि वर पाय न ठेवता शेवटच्या पायरीवरून आत सरकवायचे. हा आईचा नियम होता. वरून टेपवरची गाणी, हसणं, बाटलीचं झाकण फरशीवर पडून गोल गोल फिरल्याचा आवाज. आणि त्या सगळ्यावर बाबांचा आवाज. पोरं त्यांना अंकल म्हणायची. "अंकल, आप तो यार हो," असं एक जण म्हणाला तेव्हा बाबांचा चेहरा मी पाहिला. कारखान्यात बढती मिळाली त्या दिवशीसुद्धा ते इतके खूश नव्हते.

दादा मात्र तासाभरात खाली यायचा. त्याचा ग्लास वर कठड्यावर कोमट होत पडलेला असायचा. माझ्या शेजारी बसून तो माझी गणितं सोडवून द्यायचा आणि वरून हसण्याचा गडगडाट झाला की पेन्सिल थांबवून छताकडे बघायचा. पण शाळेत त्याला आता डबा एकट्याने खावा लागत नव्हता, त्यामुळे तोही काही बोलायचा नाही.

वर्गाबाहेरचा एकच मुलगा या रविवारांना यायचा, तो म्हणजे तुषार, निर्मलामावशीचा. तो आणि दादा एकाच वयाचे, ब्राह्मणपाऱ्यात एकाच गल्लीत रांगलेले. तुषार तिकडच्याच शाळेत राहिला होता आणि सायकल हाणत अख्खं शहर ओलांडून यायचा. त्याच्या तोंडाला विसावा नव्हता. बसचा कंडक्टर, नगर निगमचा भोंगा, सदर बाजारातला नाकात बोलणारा सराफ, सगळ्यांच्या नकला. जिना चढता चढता बोलणं सुरू, भजी तोंडात असली तरी सुरू. आईसुद्धा कढई सोडून दाराशी येऊन हसायची. साहेबांची पोरं त्याच्या मराठी-हिंदी-छत्तीसगढीच्या खिचडीला आधी हसली, मग त्याच्याशिवाय त्यांचं पान हलेना. मावशीचा नवरा रेल्वेत, बिलासपूरला. महिन्यातून दोनदा घरी यायचा. मावशी प्राथमिक शाळेत शिकवायची आणि पोराला एकटीने वाढवायची. तुषार आमच्याकडे जातो म्हणजे ती निश्चिंत.

याच गोष्टीवरून आईने एकदा बाबांना छेडलं होतं. मी भांडी पुसत होते. आईने विचारलं, या पोरांच्या घरी तुम्ही विचारलं का? बाबा म्हणाले, त्यात काय विचारायचं, त्यांचे बाप तर रोज पितात.

"अन् निर्मला?"

बाबा म्हणाले, मी बोलतो तिच्याशी. ते कधीच बोलले नाहीत. आईही बोलली नाही. दोघींची गाठ पडली की आई लोणच्याचं बोलायची, शाळेचं बोलायची, आणि घरी आल्यावर तिचं डोकं दुखायचं.

नियम हळूहळू सैल झाले. दोनाचे तीन ग्लास कधी झाले ते कुणी पाहिलं नाही. पोरं आणखी पोरांना आणू लागली. बाबा आधी नुसते बसायचे, आता त्यांच्याबरोबर पिऊ लागले आणि गावाकडच्या गोष्टी सांगू लागले. चाव्या मात्र त्यांच्या कुर्त्याच्या खिशात असायच्या, आणि पोरांना दाखवायला ते अधूनमधून खिसा खुळखुळवायचे.

फेब्रुवारी संपत आला होता. दुपारी गच्ची तापायला लागली होती. त्या दिवशी मी भज्यांचं दुसरं ताट घेऊन जिन्यावर होते. वर बर्फ संपल्याची ओरड चालली होती. बाबा कठड्याला टेकून उभे होते, डोळे लाल, कपाळावर घाम. त्यांनी कुर्त्याच्या दुसऱ्या खिशातून आपल्या स्कूटरची किल्ली काढली आणि तुषारपुढे धरली.

"तुषार, तू जा बरं. चौकातून बर्फ घेऊन ये. तुले इकडचे रस्ते माहीत आहेत."

तुषार म्हणाला, काका, मले गिअर जरा कमीच समजतात. सगळे हसले. बाबाही हसले आणि म्हणाले, जाशील तसा शिकशील. तुषार माझ्या शेजारून जिना उतरला. उतरताना त्याने ताटातलं एक भजं उचललं आणि कंडक्टरच्या आवाजात म्हणाला, चलो, चलो, आगे बढ़ो. त्याच्या तोंडाला बियरचा वास येत होता. मग खाली स्कूटरला दोन-तीन किक बसल्या आणि आवाज कॉलनीच्या फाटकाकडे गेला.

चौकाच्या अलीकडे रस्ता रुंद करायचं काम चाललं होतं. गिट्टीच्या ढिगावर स्कूटर घसरली आणि तो मागून येणाऱ्या डंपरच्या समोर पडला. डंपरवाल्याने ब्रेक मारला, म्हणून तुषार जिवंत राहिला. पण उजवा पाय चाकाखाली गेला आणि डोकं नव्या दुभाजकाच्या दगडावर आपटलं. आमच्याकडे एक पानवाला पळत आला, कारण स्कूटर कुणाची हे त्याला माहीत होतं. गच्चीवरची पोरं जिन्यावरून अशी उतरली की मी भिंतीला चिकटून उभी राहिले. बाबांनी कुर्त्याचा खिसा उलटा करून सगळ्या चाव्या फरशीवर टाकल्या, पोरांनी आपापली उचलली, आणि थोड्या वेळात फाटकासमोर एकही गाडी उरली नाही. त्यांतला एकही मुलगा पुढे दवाखान्यात आला नाही. त्यांच्या आईवडिलांनी पोलिसांना सांगितलं की आमचा मुलगा त्या घरी कधी गेलाच नाही.

ठाण्यात बाबांनी काय सांगितलं ते दुसऱ्या दिवशी कळलं. पोरं वर अभ्यासाला जमली होती, मी खाली झोपलो होतो, तुषारने न विचारता स्कूटर नेली. बाबा आयुष्यात कधी खोटं बोललेले नव्हते. भीतीने बोलले, आणि एकदा बोलल्यावर तेच त्यांना उचलून धरावं लागलं.

मोठ्या सरकारी दवाखान्यात तुषार बेशुद्ध होता. दादा शाळा बुडवून तिथेच बसायचा. मी आईबरोबर डबा घेऊन गेले, तेव्हा निर्मलामावशी कॉरिडॉरमधल्या बाकावर होती. डॉक्टरांनी तिला सांगितलं होतं की लड़का पिया हुआ था. तिला ते पटत नव्हतं. दुपारभर तो तुमच्याच घरी होता न, ती आईला पुन्हा पुन्हा विचारत होती, मग पिणार कुठी? आईने डबा बाकावर ठेवला. त्याच्या कड्या ती उगाच पुन्हा लावत राहिली. मग मावशीने माझा हात धरला.

"तू तर घरी होती. तू सांग मले."

मी सांगितलं. बियर आमच्याकडे दर रविवारी असायची, बाबा आणायचे. तुषारला बाबांनीच बर्फ आणायला पाठवलं. किल्ली बाबांनी दिली, मी जिन्यावर होते. मी हे सगळं एका दमात बोलले आणि मग आईकडे पाहिलं. मला वाटलं होतं ती रागावेल. तिने डोळे मिटून घेतले होते, आणि तिचे खांदे एकदम खाली आले, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं तसे.

त्याच संध्याकाळी बाबा दवाखान्यात आले. मावशी उभी राहिली. ती बाबांना भाऊ म्हणायची, दर दिवाळीला त्यांना ओवाळायची. त्या दिवशी भाऊ हा शब्द तिच्या तोंडी आला नाही. बाबा हात जोडून काहीबाही बोलू लागले, पोरांच्या भल्यासाठी, समोर असलेलं बरं. तिने त्यांना थांबवलं.

"तुमच्या पोराचं तुम्ही ठरवा," ती म्हणाली. "माह्या पोराचं तुम्ही काहून ठरवलं?"

दुसऱ्या दिवशी तिने लेखी तक्रार दिली. बाबांना अटक झाली, मग जामीन झाला. कारखान्याने त्यांना घरी बसवलं. कॉलनीतले लोक, जे पाटीकडे पाहून नमस्कार करायचे, ते आता रस्ता ओलांडून पलीकडून जायचे. घरात टीव्ही लागत नव्हता. बाबा रात्रंदिवस फिरत, आणि त्यांच्या चपलांच्या आवाजावरून ते कुठल्या खोलीत आहेत ते आम्हाला कळायचं. माझ्याशी ते पूर्वीसारखेच बोलायचे. मावशीला मी सांगितलं हे त्यांना ठाऊक होतं, पण त्याबद्दल त्यांनी कधी अक्षर काढलं नाही. मी रोज वाट पाहायचे की आज बोलतील. बोलले असते तर बरं झालं असतं.

तुषार शुद्धीवर आला. पाय वाचला, पण आखूड झाला. त्याहून वाईट हे की त्याची वाचा अडली. त्याला सगळं समजायचं, ओळखायचा सगळ्यांना, पण शब्द सापडायचा नाही. पाणी म्हणायला तो इतका वेळ घ्यायचा की नर्स निघून जायची. त्या रविवारचं तर त्याला काहीच आठवत नव्हतं. दादा मला हे सांगायचा आणि मग कितीतरी वेळ नळाखाली तोंड धुत राहायचा.

आमचे वकीलसाहेब सदर बाजारात एका सराफाच्या दुकानावरच्या माडीवर बसायचे. एका सकाळी ते आमच्या घरी आले. त्यांनी समजावून सांगितलं की अल्पवयीन मुलांना दारू पाजल्याचं कलम टिकणार नाही, कारण त्या वेळच्या कायद्यात सार्वजनिक जागी असा शब्द होता. छत तो आपकी अपनी है, ते म्हणाले. राहिला प्रश्न स्कूटरचा. विनापरवाना, प्यायलेल्या मुलाच्या हातात गाडी दिली हे सिद्ध झालं तर शिक्षा होऊ शकते. म्हणून पंकजने साक्ष द्यायची. पोरांनी बियर लपवून आणली, वडिलांना पत्ता नव्हता, तुषारने स्कूटर न सांगता नेली. पंकज स्वतः अल्पवयीन आहे, त्याचं काही बिघडणार नाही. मुलीचं काय, ती त्या दुपारी शिकवणीला गेली होती असं म्हणता येईल.

बाबा आधी नाही म्हणाले. मग सोफ्यावर जाऊन बसले. मग वकीलसाहेबांनी दादाला समोर उभं केलं आणि प्रश्न विचारायला सुरुवात केली. जो दादा वर्गात उत्तर येत असूनही तोंड उघडायचा नाही, तो घडाघडा बोलत होता. पापा को कुछ पता नहीं था. हम लोग छुपाके लाए थे. तुषारने बिना पूछे गाड़ी ली. वकीलसाहेब खूश झाले, शाबास म्हणाले. बाबा सोफ्यावर हातांत डोकं धरून बसले होते. दादा त्यांच्याकडे वळून म्हणाला, बाबा, मी म्हणून देतो, मले काही होत नाही.

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. परक्या माणसासमोर ती बाबांशी कधी वाकडं बोललेली मी ऐकली नव्हती. तेव्हाही तिचा आवाज चढला नाही.

"सुधाकरभाऊजी लपून पेत होते म्हणून तुम्ही हे सगळं मांडलं," ती म्हणाली. "अन् आता पोराच्या तोंडून तेच म्हणवून राहिले. लपून आणली. चोरून नेली. अन् त्या तुषारले तर आपली बाजू सांगाले बोलता बी येत नाही."

एवढं बोलून ती आत गेली आणि कणीक मळायला बसली. वकीलसाहेबांनी कागद गोळा केले. सुधाकर कोण, हे दादाने मला डोळ्यांनी विचारलं. मलाही माहीत नव्हतं.

कोर्टाच्या तारखेपर्यंत बाबांनी त्या विषयावर कुणाशी बोलणं केलं नाही. जेवत होते, झोपत मात्र नसावेत. तारखेला आम्ही चौघेही गेलो. दादाने पांढरा शर्ट घातला होता आणि तो ओठांतल्या ओठांत वाक्यं घोकत होता. बाकांच्या दुसऱ्या टोकाला निर्मलामावशी आणि तिचा नवरा. तिने एकदाही आमच्याकडे पाहिलं नाही. आत पंख्याचा आवाज इतका होता की कारकुनाने काय पुकारलं ते मला ऐकू आलं नाही, फक्त बाबा पुढे जाताना दिसले. न्यायाधीशांनी आरोप वाचून दाखवले आणि विचारलं, गुन्हा कबूल आहे का. वकीलसाहेब बोलण्यासाठी उठत होते. बाबांनी हात वर केला.

"साहब, गाड़ी मैंने दी थी," ते म्हणाले. "बियर भी मैंने ही पिलाई थी. थाने में मैं झूठ बोला था. बच्चों से कुछ मत पूछिए."

दादा माझ्या शेजारी होता. त्याने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. तो रडत होता की त्याचा श्वास सुटला होता, सांगता येत नाही.

दारू पाजल्याच्या कलमातून बाबा सुटले. घराची गच्ची सार्वजनिक जागा होत नाही, असं न्यायाधीशांनी लिहिलं. स्कूटर दिल्याबद्दल आणि हलगर्जीपणाबद्दल त्यांना काही महिन्यांची कैद झाली. बाहेर व्हरांड्यात निर्मलामावशी सरकारी वकिलाला विचारत होती, म्हणजे घरात पाजली तर चालते? तो बिचारा कायदा समजावून सांगत होता. आता कायद्यातून तो शब्द गेला आहे. घर असो की बाजार, मुलाला दारू दिली की गुन्हा. माझा मुलगा सतराचा झाला तेव्हा मी हे त्याला सांगितलं. त्याने नेहमीप्रमाणे माझ्या मराठीला हिंदीत उत्तर दिलं, मम्मी, मुझे पता है, स्कूल में बताया था. आम्हाला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. पण मावशीचा खरा प्रश्न कायद्याचा नव्हताच, तो तिने बाबांना दवाखान्यात आधीच विचारला होता.

ते महिने कसे गेले ते इथे लिहीत नाही. नवं घर विकलं, पितळी पाटी आईने कुणालातरी देऊन टाकली, आणि आम्ही परत ब्राह्मणपाऱ्याला लागून एका घरात राहायला गेलो. दादा बारावी होताच पुण्याला गेला. तो तिथेच आहे, बरा आहे, फोनवर आईशी बोलतो आणि बाबांचं विचारतो. बाबांशी थेट बोलायला त्याला अनेक वर्षं लागली.

बाबा सुटून आले तेव्हा त्यांचे केस पांढरे झाले होते. पहिले काही दिवस ते घराबाहेर पडले नाहीत. मग एका सकाळी आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून मला म्हणाले, तू चाल माह्यासंग. कुठे ते मी विचारलं नाही. दोन गल्ल्या ओलांडून आम्ही निर्मलामावशीच्या दारात उभे राहिलो. दार उघडंच होतं. मावशी तांदूळ पाखडत होती. तिने मान वर केली, या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. बाबा उंबऱ्याच्या बाहेरच उभे राहिले आणि म्हणाले, मी माफी मागाले आलो.

"माह्याजवळ नाही माफी," मावशी म्हणाली. "त्याले मांगा. पण तो बोलते तोवर थांबा लागन. मधात बोलू नका."

तुषार आतल्या खोलीत खुर्चीवर होता, शेजारी भिंतीला काठी टेकवलेली. बाबांना पाहून तो हसला. बाबा त्याच्यासमोर खालीच बसले, जमिनीवर. माफीचे शब्द त्यांनी म्हटले असतील, पण ते मला आठवत नाहीत, कारण तेवढ्यात तुषारचं तोंड उघडलं होतं आणि आम्ही सगळे त्याच्याकडे बघू लागलो. त्याच्या गळ्याची शीर फुगली. हात मांडीवर उघडझाप करू लागला. मला वाटलं आपण एखादा शब्द पुरवावा. मावशीने डोळ्यांनी मला दटावलं.

"काका," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही. मग, "सगळे... म्हणत होते... मी... गाडी... चोरली."

बाबांनी मान हलवली. तुषारने हात वर केला, अजून संपलं नव्हतं.

"मले... आठवत... नाही. मले... वाटलं... चोरली... असन. मग... आई म्हणे... कोर्टात... तुम्ही..." इथे तो अडला, पुन्हा पुन्हा त्याच शब्दाशी येऊन परत गेला. बाबांचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते, पण आवाज त्यांनी काढला नाही. "सांगितलं," तुषार शेवटी म्हणाला. "बरं... केलं."

बाबा तसेच बसून राहिले. पाठमोरे होते, त्यामुळे त्यांचा चेहरा मला दिसला नाही. मावशीने सूप बाजूला ठेवलं आणि दारात येऊन उभी राहिली. डॉक्टर म्हणतात याला बोलतं ठेवा, ती म्हणाली, पण कोणी थांबत नाही, माह्याजवळ शाळेमुळे वेळ नाही, दोस्त येतात अन् याचं वाक्य स्वतःच पुरं करून निघून जातात. हे ती मला सांगत होती, पण बघत बाबांच्या पाठीकडे होती.

बाबा भिंतीला हात लावून उठले. त्यांनी मावशीकडे वळून विचारलं, उद्या आलो तर चालेल का, किती वाजता येऊ.

खाली पडलेले तांदळाचे दाणे मावशीने वाकून एकत्र केले.

"सकाळी या," ती म्हणाली. "सकाळी त्याले शब्द लवकर सापडतात."